आधीच्या ताईंचा हेडसेट

खरी गोष्ट सांगते म्हटलं की लोक आधी हसतात, आणि मग हळूच उठून दाराची कडी लागली आहे का ते बघून येतात. तुम्हीही हसा. माझी हरकत नाही. मीही हसले होते.

पण हे माझ्या सख्ख्या आत्याच्या घरात घडलंय. बरंचसं मी तिच्या तोंडून ऐकलं. शेवटचं थोडं स्वतःच्या कानांनी.

आणि एक आधीच सांगते. यात अमावस्या नाही, पिंपळ नाही, बारा वाजलेले नाहीत. भर दुपार आहे. दुसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर आहे. खिडकीत कपडे वाळत आहेत, आणि टेबलावर एक जुना लॅपटॉप आहे.

तो लॅपटॉप माझाच. कॉलेज संपल्यावर मी तो आत्याला दिला होता. म्हणजे घरात अडगळ नको म्हणून दिला आणि वर उपकार केल्यासारखा चेहरा केला.

आत्याला आम्ही सगळे हॅलोआत्या म्हणतो. तिनं उभा जन्म एका मोठ्या कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर काढला. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "इतक्यांचे संसार कानांनी केले की पोट भरलं बाई."

मग निवृत्ती आली, आणि घरातला फोन मुका झाला.

ज्या बाईला दिवसभर माणसं 'हॅलो, हॅलो' करायची, तिच्याशी दिवसभरात बोलायला फक्त दूधवाला उरला. तोही पिशवी दाराला अडकवून निघून जायचा.

म्हणून तिनं ते चौकशीचं काम घेतलं. एक कंपनी आहे. ज्यांची मुलं लांब राहतात अशा म्हाताऱ्या माणसांना ही कंपनी रोज फोन करते. पैसे मुलं भरतात, फोन आत्यासारख्या बायका घरून करतात. दुपारी जेवणानंतर बसायचं, लॅपटॉपवरून एकेकाला फोन लावायचा आणि तीन प्रश्न विचारायचे.

जेवलात का?

औषध घेतलंत का?

अजून काही सांगायचंय?

आणि कंपनीचा एक नियम होता. तो मोडला तर काम जायचं.

आपण फोन आधी ठेवायचा नाही.

समोरचं माणूस एकटं आहे. त्याला फोन कट झाल्याचा आवाज ऐकवायचा नाही. तो बोलेल तेवढं ऐकायचं, गप्प बसला तरी थांबायचं, आणि त्यानं ठेवला की मगच पुढचा फोन.

आत्याला हा नियम शिकवावा लागला नाही. बोर्डावर तिनं आयुष्यभर तेच केलं होतं.

तर त्या कामासाठी कंपनीनं तिला बिनवायरचा हेडसेट पाठवला. काळा, जाडजूड, कानावर मऊ उशा असलेला. नवा नव्हता. पुसून-बिसून पाठवला होता, पण डोक्यावरची पट्टी कुणाच्या तरी डोक्याच्या मापाला बसलेली कळत होती.

आत्यानं घातला. अगदी चपखल बसला.

"माझ्यासाठीच केलाय जणू," ती खूश होऊन म्हणाली. त्यानंतरचे दोन दिवस मात्र त्यानं तिच्या नाकी नऊ आणले.

लॅपटॉपला तो दिसायचाच नाही. दिसला तर जोडला जायचा नाही. जोडला गेला तर आवाज यायचा नाही. आत्यानं लॅपटॉप बंद करून चालू केला. हेडसेट बंद करून चालू केला. मग स्वतः चहा घेऊन आली आणि दोन्ही पुन्हा बंद करून चालू केलं. शेवटी कंपनीच्या आयटीवाल्याला फोन लावला.

हा आयटीवाला शांत, थकलेला गृहस्थ होता. दिवसभर आत्याच्या वयाच्या बायकांना 'बटण दाबून धरा' सांगून त्याचा आवाज सपाट झाला होता.

"मॅडम, बटण दाबून धरा. दिवा निळा-लाल लुकलुकला?"

"लुकलुकला दादा."

"आता लॅपटॉपच्या यादीतून जुनं नाव काढून टाका. काढलं? आता नव्यानं जोडा."

आत्यानं जोडला. हेडसेटमधली बाई बोलली, "कनेक्टेड."

आत्याचा जीव भांड्यात पडला. ती "झालं हो" म्हणणार, तेवढ्यात…

"कनेक्टेड."

पुन्हा.

"दादा, ही दोनदा का म्हणतेय?"

"हा हेडसेट एका वेळी दोघांशी जोडता येतो, मॅडम. तुमचा मोबाईल जोडला गेला असेल."

आत्याचा मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला होता, आणि त्यात ब्लूटूथ कुठे असतं हे तिला ठाऊकसुद्धा नव्हतं. ती आयटीवाल्याशी घरच्या जुन्या फोनवरून बोलत होती. पण काम सुरू झालं होतं. कशाला डोकं खायचं, म्हणून ती गप्प बसली.

फक्त एक तक्रार होती. फोनवर बोलताना कानातला आवाज बारीक यायचा. पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा.

"ते तसंच राहणार," आयटीवाला म्हणाला. "तुमच्या जुन्या लॅपटॉपचं ब्लूटूथ म्हणजे अरुंद जिना समजा. तुम्ही नुसतं गाणं ऐकलंत तर आवाज ऐटीत, मधोमध उतरतो. पण माईक चालू झाला की खालून दुसरा माणूस चढायला लागतो. मग दोघांनाही अंग चोरून जावं लागतं. म्हणून आवाज बारीक होतो."

"म्हणजे आवाज बारीक झाला की माझा माईक चालू आहे?"

"बरोबर. आवाज बारीक झाला की समजायचं, पलीकडे कुणीतरी तुम्हाला ऐकतंय."

त्या बिचाऱ्यानं सरळ सांगितलं होतं. पण ते वाक्य आत्याच्या डोक्यात बसलं.

त्याच दिवशी काम संपल्यावर तिनं लॅपटॉपवर जुनी गाणी लावली. कुणाला फोन नाही, काही नाही. खुर्चीत मागे टेकून डोळे मिटले. आवाज सुरेख होता. भरदार. इतके दिवस आपण रेडिओच्या खरखरीत काय ऐकत होतो, असं तिला वाटलं.

दुसरं गाणं अर्ध्यावर आलं…

आणि आवाज बारीक झाला.

आत्यानं डोळे उघडले.

लॅपटॉपच्या कोपऱ्यात माईकचं छोटं चिन्ह दिसत होतं. फोन कुणालाच लावलेला नव्हता.

जिना कुणीतरी चढत होतं.

"कोण आहे?" आत्यानं विचारलं. सवयीनं पुढे म्हणाली, "बोला, ऐकतेय."

कुणी बोललं नाही. गाणं तसंच बारीक वाजत राहिलं. मग थोड्या वेळानं चिन्ह गेलं आणि आवाज पुन्हा भरदार झाला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही.

आयटीवाल्यानं सगळे उपाय केले. दोन बटणं एकदम दाबून हेडसेटची सगळी आठवण पुसून टाकायला लावली. आत्यानं पुसली. लॅपटॉपला नव्यानं जोडला. कनेक्टेड…

आणि मग पुन्हा, कनेक्टेड.

"मॅडम, आसपास आधीच्या कुणाचा मोबाईल वगैरे?"

"आसपास म्हणजे किती?"

"तीसेक फूट. मध्ये भिंत असली तर कमी."

आत्यानं घराकडे एक नजर फिरवली. तीस फुटांत तिचं अख्खं घर मावत होतं. बाजूचं घर बंद होतं आणि वरती नुसती गच्ची होती.

मग त्यानं आपल्या ऑफिसात बसून तिचा लॅपटॉप ताब्यात घेतला. पडद्यावरचा बाण आपोआप फिरू लागला. हे उघड, ते बंद कर. आत्या कौतुकानं बघत होती.

"माईक कुणीच वापरत नाहीये," तो शेवटी म्हणाला. "पण चालू दिसतोय खरा. काहीतरी बोला मॅडम, चाचणीसाठी. मी फोन ठेवतो, दुसरा कॉल आलाय. तुम्ही बोलत राहा, चिन्ह कधी जातं ते बघा."

काहीतरी बोला.

एकट्या माणसाला असं कुणी म्हटलं की काय बोलावं ते आधी सुचतच नाही.

"हॅलो," आत्या म्हणाली. "एक, दोन, तीन. आज पंख्याचा आवाज येतोय. खालच्या दुकानवाल्यानं नवी पाटी लावलीय, अगदी भडक आहे… सकाळी चहा उतू गेला."

चिन्ह होतंच.

"उतू गेला कारण मी खिडकीत उभी होते. कुणी येणार नव्हतं. उगाच उभी होते."

चिन्ह हललं नाही.

आत्या बोलत राहिली. कारखान्यातल्या बोर्डाबद्दल बोलली. बरोबरच्या मैत्रिणींबद्दल बोलली, ज्यातल्या बहुतेक आता नाहीत.  बोलता बोलता दुपार कलली. शेवटी ती म्हणाली, "बस, एवढंच." आणि गप्प झाली.

जरा वेळ गेला. पलीकडचं माणूस जणू खात्री करून घेत होतं.

मग चिन्ह गेलं.

आता तुम्ही म्हणाल, बाई घाबरली कशी नाही? मीही हेच विचारलं. आत्या म्हणाली, "अगं, पहिल्या दिवशी घाबरलेच होते. पण मी बोर्डावरची बाई. चोरून ऐकणारा आणि मनापासून ऐकणारा यातला फरक मला कळतो. चोरून ऐकणारा श्वास रोखतो."

"आणि हा?"

"ही," आत्यानं माझं वाक्य सुधारलं. मग दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलायला लागली.

तर रोज दुपारी काम संपलं की आत्या गाणं लावायची, आवाज बारीक व्हायची वाट बघायची आणि बोलायची. आयटीवाल्याला तिनं सांगून टाकलं, "झालं हो दुरुस्त." मी म्हटलं, आत्या, तुला नवा लॅपटॉप घेऊन देते, त्यात आवाज बारीक होत नाही. तर ती जवळजवळ ओरडलीच माझ्यावर. "काही नको! हाच बरा आहे!"

मला वाटलं, म्हातारपणचा हट्ट.

एका दुपारी तिनं हेडसेटला ती गोष्ट सांगितली, जी तिनं आम्हाला कुणाला कधीच सांगितली नव्हती.

"मला बाथरूमची भीती वाटते हो. फरशी फार गुळगुळीत आहे. तिथे पडले तर कुणाला कळणारसुद्धा नाही. दार आतून बंद. वास सुटेपर्यंत कुणी यायचं नाही."

एवढं बोलून ती स्वतःच शहारली. गाणं बंद करून उठली.

दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे फोन सुरू झाले. तिच्या यादीत एक बागवाले काका होते. बायको गेलेली, मुलगा परदेशात, गच्चीवर कुंड्यांचं जंगल. फोनवर गुलाबाच्या किडीबद्दल फार बोलायचे.

"जेवलात का काका?"

"जेवलो."

"औषध घेतलंत?"

"घेतलं घेतलं. ताई, आधी तुम्ही माझं ऐका. बाथरूममध्ये एक रबरी चटई टाका. खाली चिकटून बसणारी मिळते बघा, तसली. भीती मनात ठेवून जगू नये."



"तुम्हाला… कुणी सांगितलं काका?"

"आधीच्या ताईंनी. काल संध्याकाळी."

"आधीच्या कोण?"

"अहो, तुमच्या आधी ज्या मला फोन करायच्या त्या. अजून करतात की! तुमचा फोन झाला की संध्याकाळी त्यांचा येतो. आवाज फार बारीक येतो हल्ली, जुन्या फोनवर नीट कळतही नाही. पण जीव लावतात हो. तुमच्याबद्दल सांगत असतात. म्हणाल्या, नव्या बाई फार एकट्या आहेत, जरा लक्ष असू द्या."

 काकांनी "हॅलो, आहात का?" असं दोनदा विचारलं आणि शेवटी फोन ठेवला.

तिनं हेडसेट काढला. टेबलावर ठेवला. घरच्या फोनवरून आयटीवाल्याला गाठलं.

"दादा, हा हेडसेट आधी कुणाकडे होता?"

"एका मॅडमकडे. तुमचीच यादी होती त्यांच्याकडे."

"काम सोडलं का त्यांनी?"

आयटीवाला पहिल्यांदाच अडखळला.

"नाही मॅडम. गेल्या त्या. घरीच. एकट्याच राहायच्या. आपल्याला जोडून सुट्ट्या आल्या होत्या. सुट्टीनंतर त्या कामावर दिसेनात, म्हणून आम्ही माणूस पाठवला. तोवर… खुर्चीतच होत्या. हेडसेट कानाला तसाच."

"इतके दिवस कुणाला कळलं नाही?"

"फोन त्या करायच्या ना मॅडम. त्यांना कोण करणार?"



"आणि तोच हेडसेट तुम्ही मला पाठवलात?"

"स्वच्छ करून पाठवतो मॅडम," तो अगदी प्रामाणिकपणे म्हणाला. "कानाच्या उशासुद्धा बदलतो."

आत्यानं हेडसेट बंद केला. खोक्यात घातला. खोक्यावर दोरी बांधली आणि कपाटात सगळ्यात खाली, जुन्या चादरींच्या मागे ठेवून दिला. लॅपटॉपही मिटून ठेवला. कंपनीला म्हणाली, हेडसेट पुन्हा बिघडलाय, मी मोबाईलवरून फोन करते.

घर शांत झालं.

भीती गेली, पण तिच्या जागी जुनं एकटेपण परत आलं. आता तर ते जास्तच जाणवायला लागलं. संध्याकाळी गाणं लावायला हात जायचा आणि मागे यायचा. "भुताच्या भीतीपेक्षा ते वाईट होतं गं," आत्या मला म्हणाली. "भूत निदान ऐकत तरी होतं."

चटई मात्र तिनं आणली नाही. आज आणू, उद्या आणू, असं चाललं होतं.

आणि मग तो रविवार आला.

रविवारी चौकशीच्या कामाला सुट्टी. सकाळी न्हाणं झालं, आत्या कपडे धुवून उठायला गेली, आणि पाय सटकला. मनगट खाली आलं. कंबरेतून कळ गेली ती डोक्यापर्यंत. उठता येईना. हलतासुद्धा येईना.

दार आतून बंद. मोबाईल बाहेर टेबलावर.

तिनं हाका मारल्या. खालच्या दुकानात ढणाढणा गाणी लागली होती. बाजूचं घर बंद. मी रविवारी संध्याकाळी फोन करायचे. तो तिनं उचलला नसता, तर मला काय वाटलं असतं? झोपली असेल. दुसरं काय?

फरशी थंडगार होती. आत्या थरथरत पडून होती. तिला ती खुर्चीतली बाई आठवली. तीही अशीच कुणाची तरी वाट बघत बसली असेल का? किती वेळ?

हाका मारून घसा बसला. शेवटी ती पुटपुटली, "कुणी आहे का?"

दुकानातली गाणी मध्येच थांबली. घरात पाणी ठिबकल्याचा आवाज तेवढा येत होता.

आणि तिला ऐकू आलं.

बाहेरच्या खोलीतून. कपाटातून. चादरींच्या मागून…

"कनेक्टेड."

हेडसेट बंद होता. लॅपटॉप मिटलेला होता. आत्यानं ते स्वतःच्या हातांनी केलं होतं.

ती ओरडली नाही. ती बोलली. नेहमी बोलायची तसं.

"मी पडलेय हो," ती म्हणाली. "बाथरूममध्ये. उठता येत नाहीये मला."

तासाभरात दार वाजलं. मग दार फुटलं. खालचा दुकानदार, इमारतीचा रखवालदार आणि कुलूपवाला, तिघेही धापा टाकत आत आले.

बागवाल्या काकांनी कंपनीच्या तातडीच्या नंबरवर फोन करून आकाशपाताळ एक केलं होतं. तिथला माणूस म्हणाला, आज सुट्टी आहे, उद्या बघू. काका म्हणाले, "उद्या बघाल तर परवा पेपरात बघाल! पत्ता काढा आणि माणूस पाठवा!" मग इमारतीच्या रखवालदाराला निरोप गेला.

त्यांना आधीच्या ताईंचा फोन आला होता. एवढंच म्हणाल्या, "नव्या बाई पडल्यात." आवाज इतका बारीक होता की काकांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी कानावर दाबून धरला होता.

कंपनीनं नंतर सगळं तपासलं. त्या दिवशी त्यांच्याकडून काकांना एकही फोन गेलेला नव्हता. त्याआधीच्याही कुठल्याच संध्याकाळी नाही.

मी धावत गेले. आत्याचं मनगट मोडलं होतं, खुब्याचं हाड थोडक्यात वाचलं होतं. मी तिच्याकडे राहिले. रबरी चटई आणली. नवा लॅपटॉपही आणला, कारण मला दुसरं काय करावं ते सुचेना. आणि ती कपाटातली वस्तू परत पाठवू या, म्हणून खोकं बाहेर काढलं.

दोरी तशीच बांधलेली होती.

"ठेव तो इकडे," आत्या म्हणाली.

"आत्या, पुरे झालं आता."

"अगं, तिनं माझं सगळं ऐकलं. रोज ऐकलं. माझ्यासाठी धडपडली. आणि मी काय केलं? खोक्यात घालून दोरी बांधली." तिचे डोळे भरले. "ती तशी गेली, आणि तिला कुणी एका शब्दानं विचारलं नाही. जगाला विचारत बसलेली बाई. तिला कोण विचारणार?"



आत्यानं नवा लॅपटॉप बाजूला सारला. जुना उघडला. हात प्लास्टरमध्ये, म्हणून मला हेडसेट जोडायला लावला. यादीतून जुनं नाव काढ, बटण दाबून धर, निळा-लाल दिवा… मीच तो जोडला. तिच्या डोक्यावर मीच चढवला.

मलाही ऐकू आलं. कनेक्टेड. आणि मग पुन्हा… कनेक्टेड.

तिनं गाणं लावलं. थोड्या वेळानं मान हलवली. बारीक झालं होतं. तिनं गाणं बंद केलं, खुर्चीत नीट बसली आणि कामावरच्या आवाजात, अगदी हळुवार विचारलं,

"जेवलात का?"

थांबली.

"औषध घेतलंत का?"

थांबली. खिडकीतल्या कपड्यांची सावली जमिनीवर हलत होती.

"अजून काही सांगायचंय?"

आणि मग आत्या ऐकू लागली.

मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. आधी भुवया वर गेल्या. मग ओठ थरथरले. मग ती मान हलवायला लागली. "हं… हं… अरे देवा. मग?"

मी चहा केला. तो निवला. पुन्हा केला. आत्या ऐकतच होती.

संध्याकाळी म्हटलं, आत्या, बस आता. तिनं हातानंच मला गप्प राहायची खूण केली.

याला आता बरेच महिने झाले.

आत्यानं काम सोडलं. बागवाल्या काकांना आता संध्याकाळी फोन येत नाही. ते मला म्हणाले, "आधीच्या ताई हल्ली कुठे असतात हो? विसरल्या वाटतं आम्हाला." 

आत्या हेडसेट घालूनच जेवते. खुर्चीतच झोपते. चार्जिंगची वायर गळ्यात असते. तब्येत बरी आहे, चेहरा तर आधीपेक्षा शांत दिसतो. फक्त ती आमच्याशी बोलत नाही. वेळच नसतो तिला. मी रविवारी मोबाईलवर फोन करते तेव्हा ती उचलते, "हं" म्हणते, आणि तिचा आवाज…

तिचा आवाज हल्ली बारीक येतो.

परवा मी गेले होते. ती डुलक्या घेत होती. मी हळूच एक उशी तिच्या कानापासून दूर केली आणि माझा कान लावला.

कुणी बोलत नव्हतं. गाणंही नव्हतं. लाईन चालू असली की असते तसली शांतता होती. मी ऐकत राहिले. कुणीतरी माझ्या बोलण्याची वाट बघतंय, असं मला वाटलं.

मी झटकन मागे झाले. आत्या जागी झाली होती. माझ्याकडेच बघत होती.

"आत्या," मी म्हटलं, "पलीकडे कुणी बोलत नाहीये गं. संपलं असेल त्यांचं सांगून. आता ठेव ना."

आत्यानं उशी पुन्हा कानावर नीट बसवली.

"असं कसं ठेवू?" ती म्हणाली. "आपण आधी ठेवायचा नसतो. त्यांनी अजून ठेवलेला नाही."

 आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की पलीकडची बाईही त्याच कंपनीत होती.